सरांची पेटी

इतिहास लिहायला सांगितला की माणसाला आधी हसू येतं आणि मग घाम फुटतो. निवेदिताचं तसंच झालं.

सलिलनं सकाळी तिच्या टेबलाशी येऊन, चहाचा कप हातात धरूनच फर्मान काढलं, "ताई, वेबसाईटसाठी एक पान हवंय. आपला इतिहास आणि आपली मूल्यं. तुमच्याइतकं जुनं इथं कोणी नाही. लवकर द्या, ती मंडळी पुढच्या आठवड्यात येतायत."

ती मंडळी म्हणजे दिल्लीकडची एक बडी कंपनी. ती 'मुळगुंद सॉइल कन्सल्टंट्स' विकत घेणार होती. घेणाऱ्याला जुनी यंत्रं नको होती, माणसंही फारशी नको होती. त्याला हवं होतं ते नाव. त्या नावाला पॉलिश करायचं काम निवेदिताच्या गळ्यात पडलं होतं.

या फर्मचं काम काय, ते निवेदिताच्या सख्ख्या बहिणीलाही कधी नीट कळलं नाही. ती पाहुण्यांना सांगायची, आमची निवेदिता माती तपासते, आणि पाहुण्यांना वाटायचं ती शेतीखात्यात आहे. खरं तर काम सांगायला सोपं. इमारत बांधायच्या आधी जमिनीत भोकं पाडायची, खालची माती आणि दगड वर काढून बघायचा, आणि बांधणाऱ्याला सांगायचं की बाबा, पाया इतक्या खोल ने. चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कितीतरी कारखान्यांखालची आणि टॉवरांखालची पहिली भोकं याच फर्मनं पाडली होती. इमारत झाली की बिल्डरचा फलक लागतो, आर्किटेक्टचा सत्कार होतो. मातीवाल्याची आठवण कोणाला येत नाही. आलीच तर भिंतीला तडा गेल्यावर येते.

निवेदितानं लिहायला घेतलं. सुरुवात अर्थातच हरिहर सरांपासून.

हरिहर मुळगुंद, म्हणजे सलिलचे वडील, सरकारी नोकरी सोडून या धंद्यात उतरले तेव्हा चाकणला कांद्याचा बाजार आणि एसटी स्टँड यापलीकडे फारसं काही नव्हतं. कारखानदार नुकतेच जमिनी बघत हिंडायला लागले होते. सरांना पहिलंच मोठं काम मिळालं ते एका प्रेस शॉपचं. पत्र्याला आकार देणारे जड प्रेस बसवायचे होते. बोअर मारलं, थोड्याच खोलीवर काळा कातळ लागला, मशीन उचललं, रिपोर्ट दिला. आणि मग सरांच्या मनाला चैन पडेना. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना जमीन उतरती होती आणि मध्येच ती सपाट कशी, हा प्रश्न त्यांना कुरतडत राहिला. शेवटी त्यांनी पदरमोड करून पुन्हा मशीन नेलं, त्याच भोकात आणखी खाली गेले. कातळ नव्हताच तो. कुणीतरी ओढा बुजवताना लोटलेला एक धोंडा होता, आणि त्याच्याखाली गाळ. सर तडक मालकाकडे गेले आणि म्हणाले, माझा रिपोर्ट चुकलाय, फाडून टाका. मालकानं रिपोर्ट फाडला आणि सरांना पुन्हा कधी दारात उभं केलं नाही.

तेव्हापासून फर्मचा एक रिवाज पडला. दगड लागला म्हणून थांबायचं नाही. करारातली खोली झाली की त्याच्याही पुढे जायचं. बोअरमधून निघालेले दगडाचे गोल दांडके ज्या खणांच्या लाकडी पेटीत ओळीनं मांडून ठेवतात, तशी आणखी एक अख्खी पेटी भरेपर्यंत जायचं. मशीनवरची माणसं तिला 'सरांची पेटी' म्हणायची. तिचं बिल लावायचं नाही आणि खाली तोच कातळ निघाला तर रिपोर्टात तिचा उल्लेखही करायचा नाही. "ते आपल्या समाधानासाठी आहे," सर म्हणायचे, "समाधानाची जाहिरात करायची नसते." निवेदिता नव्यानं लागली तेव्हा हे वाक्य ऐकून भारावून गेली होती. पुढे आयुष्यभर भारावलेलीच राहिली, असं म्हटलं तरी चालेल.

एवढं लिहून होतंय तोवर नवनाथ पेढ्यांचा पुडा घेऊन आत आला. नवनाथ हा फर्मच्या सगळ्यात जुन्या ड्रिलिंग मशीनचा ऑपरेटर. मूळचा परभणीकडचा. इकडे एका कंपनीत शिफ्टवर लागला होता, ती कंपनी बंद पडली आणि सरांनी त्याला उचलला. सरांनीच त्याला मशीन शिकवलं.

"घ्या मॅडम. घर झालं. मोशीला, ओंजळ पार्क. बी बिल्डिंग, चौथा मजला. पाडव्याला राहायला जायलोत."

"ओंजळ पार्क? अरे, ती तर आपलीच साईट."

"म्हणून तर घेतलं! बायको म्हणली चिखलीत बघू, तिकडं तिचा भाऊ हाय. मी म्हणलो, न्हाई. जिथलं बोअर मी स्वतः मारलंय तिथंच घ्यायचं. बाकीचे लोक मॉडेल फ्लॅट बघून घर घेतेत. आपण खालून बघून घेतलंय." आणि तो मनापासून हसला.

निवेदितालाही फार बरं वाटलं. फर्मचं मूल्य-बिल्य जे काही म्हणतात ते हेच की, आपल्याच माणसाचा आपल्या कामावर विश्वास. हे पानात घालायचंच, असं तिनं ठरवलं. "नवनाथ, एक काम कर. तिथल्या सरांच्या पेटीचा एक फोटो काढून दे. तू तिच्याशेजारी उभा राहा. वेबसाईटवर टाकू."

"कुठली पेटी?"

"सरांची रे."

"ती बंद झाली की मॅडम." नवनाथ पेढ्याचा पुडा बांधत होता, तो थांबला. "सलिल सरांनी मशीनचं बघायला घेतलं तवाच. डिझेल लई जायलंय म्हणले. खडक लागला, करारातली खोली झाली, की मशीन उचला. आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक आसंल."

निवेदिताला ठाऊक नव्हतं. कसं असणार? जी गोष्ट कधी कागदावर येतच नव्हती, ती बंद झाली हे तरी कोणत्या कागदावर येणार होतं? तिच्यापुढे आलेले रिपोर्ट पूर्वी जसे दिसायचे तसेच दिसत होते. इतकी माती, इतका मुरूम, मग काळा कातळ, बोअर समाप्त. समाप्तीच्या खाली सरांची पेटी आहेच, असं धरून ती सही करत गेली. पूर्वी ती प्रत्येक साईटवर जायची. मग कामं वाढली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि जायचं राहिलं. दुसऱ्या कुठल्याही फर्ममधल्या इंजिनिअरनं निदान विचारलं असतं, खडकात किती खाली गेलात रे? हिला विचारायची गरजच वाटली नाही, कारण हिच्या फर्मला इतिहास होता.

पण पेटी भरली नाही म्हणजे खाली कातळ नाही, असं थोडंच आहे. या भागात कातळ असतोच. असं स्वतःला समजावत ती दुसऱ्या दिवशी मोशीला गेली.

ओंजळ पार्कच्या तिन्ही बिल्डिंगा पूर्ण झाल्या होत्या. रंग नवा, गेटवर आंब्याची तोरणं, दोन ट्रकमधून कुणाकुणाचं सामान उतरत होतं. गेटसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, बोटात जाडजूड अंगठी. चिमाजी त्यांचं नाव. जमीन मूळ त्यांच्याच भावकीची. रोज सकाळी इथं येऊन बसायचं आणि आपल्या विकलेल्या जमिनीवर कोण कोण राहायला येतंय ते बघायचं, एवढाच त्यांना आता उद्योग होता.

"बाबा, इथं पूर्वी काय होतं?" निवेदितानं सहज विचारावं तसं विचारलं.

"त्या बाजूला ज्वारी व्हायची. आन् ह्या मधल्या बिल्डिंगीखाली खान व्हती न्हवं का. दगडाची." चिमाजींनी काठीनं बी बिल्डिंग दाखवली. "आमी पवायला तितंच शिकलो. लय खोल. तळ कुनालाच गावला न्हाई."

"मग बुजवली कधी?"

"झाली की लय वर्सं. गुरं पडाया लागली म्हून बुजवली. सुरुंगाचं मोठमोठं धोंडं पडलेलं हुतं, ते आदी लोटलं. मग हा कचरा, तो राडारोडा, काय गावंल ते. माझाच ट्रॅक्टर हुता." त्यांना त्या ट्रॅक्टरचा अभिमान होता. "का वो ताई? तुमाला बी घ्यायचाय का फ्लॅट?"

निवेदितानं मान हलवली, ती हो की नाही तिचं तिलाच कळलं नाही. बी बिल्डिंगच्या खालची बोअरं तिला पाठ होती. थोडा भराव, मग काळा दगड. सुरुंगानं उडवलेला दगड आणि जागेवरचा कातळ, पेटीत मांडल्यावर दोन्ही सारखेच काळे दिसतात. एवढ्यासाठीच तर आणखी खाली जायचं असतं.

आता एक गोष्ट सरळ होती. बी बिल्डिंगला लागून एक बोअर घ्यायचं, खोल. खाली कातळ निघाला तर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकायचा. गाळ आणि राडारोडा निघाला तर लोकांना आत जाऊ द्यायचं नाही, गेलेल्यांना बाहेर काढायचं आणि पाया सावरायचा. पाडव्याच्या आत, नवनाथ म्हातारी आई आणि लेकरं घेऊन चौथ्या मजल्यावर जायच्या आत एक बोअर. एवढंच हवं होतं.

सलिलनं सगळं ऐकून घेतलं. सलिल वाईट माणूस नाही, आणि हे मुद्दाम सांगावं लागतंय याचाच राग येतो. वाईट असता तर बरं झालं असतं. तो स्टाफच्या आजारपणात धावून जातो, दिवाळीला सगळ्यांना स्वतः फराळ वाटतो.

"ताई, बिल्डिंग पूर्ण होऊन उभी आहे ना? काही झालं का?"

"अजून भार कुठे पूर्ण आलाय? लोक, सामान, पाण्याच्या टाक्या, सगळं आत्ता येतंय. आणि राडारोडा एका दिवसात दबत नाही, हे तुला मी सांगायला हवं का?"

"पुन्हा बोअर घ्यायचं म्हणजे बिल्डरची परवानगी हवी. त्याला विचारलं की चार दिवसांत सगळ्या पिंपरीत होईल, मुळगुंदांचा रिपोर्ट चुकला. मग आपल्याला घेणार कोण? आपल्या इथल्या सगळ्या पोरांनी जायचं कुठं?" मग तो अगदी हळू म्हणाला, "आणि ताई, त्या रिपोर्टावर सही तुमची आहे. मला तुम्हाला अडचणीत आणायचं नाही."

काळजी आणि धमकी इतकी एकजीव झालेली तिनं पहिल्यांदाच ऐकली. त्यातलं कुठलं कुठे संपतं हे बहुधा सलिललाही माहीत नव्हतं.

मग एकच दार उरलं. निवेदितानं रिक्षा केली आणि ती रहाटणीला गेली.

हरिहर सर आता घराबाहेर फारसे पडत नसत, पण डोकं लख्ख होतं. बाल्कनीत कुंड्यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसले होते. निवेदितानं सगळं सांगितलं. चिमाजी, खाण, धोंडे, बंद झालेली पेटी. सर मध्येमध्ये प्रश्न विचारत होते आणि प्रत्येक प्रश्न नेमका होता. दांडक्यांच्या तुकड्यांची लांबी काय होती? तुकड्यांच्या टोकांना माती चिकटली होती का? बोअर मारताना आत सोडलेलं पाणी परत वर येत होतं की खालीच मुरत होतं? "मुरत होतं," निवेदिता म्हणाली. हे नवनाथकडूनच तिनं काढून घेतलं होतं. सरांनी डोळे मिटले. "मग भराव आहे," ते म्हणाले. "अखंड कातळ असं पाणी पीत नाही."

निवेदिताच्या छातीवरचं ओझं उतरलं. सरांना कळलं म्हणजे आता होईल, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही सलिलला एक फोन करा. तुमचं तो टाळणार नाही. तुम्ही नाही का चाकणला तेव्हा स्वतः जाऊन सांगितलंत?"

सरांनी नजर कुंड्यांकडे वळवली. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

"तेव्हा मी एकटा होतो, निवेदिता. बुडालो असतो तर एकटा बुडालो असतो." मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "रिपोर्टावर सलिलचं नाव कुठे आहे का?"

"नाही. माझीच सही आहे."

"तू साईटवर गेली नव्हतीस."

"नाही, सर."

"न बघितलेल्या दगडावर सही केलीस." हे ते रागानं म्हणाले नाहीत. एखादा हिशेब जुळला की माणूस मान डोलावतो, तशी त्यांनी मान डोलावली. "मी तुला असं शिकवलं नव्हतं." आणि मग, फार म्हातारे होऊन, "सलिलला सांगू नकोस की तू मला हे सांगितलंस. मला काही माहीत नाही."

निवेदिता जिना उतरली. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि संतापाला टेकायला जागा नव्हती. कारण सर बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. खरं बोलूनही माणूस किती खोटा वागू शकतो हे तिनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि पाहायचं होतं ते नेमकं यांच्यात.

तिनं राजीनामा दिला. तो लगेच मंजूर झाला, इतका लगेच की मंजुरीचं पत्र आधीच टाइप करून ठेवलं असावं. इतिहासाचं पान सलिलनं कॉम्प्युटरकडून लिहून घेतलं. बांधकाम परवानगीच्या कार्यालयात तिनं अर्ज दिला. तिथला माणूस सज्जन होता. त्यानं तिला बसवलं, पाणी दिलं. "मॅडम, पूर्णत्वाचा दाखला गेलाय. आता रिपोर्ट चुकीचा आहे असं रिपोर्ट देणाऱ्या फर्मनं लेटरहेडवर द्यायला हवं. साध्या कागदावर मी काय करू?" त्यानं अर्जावर आवकचा शिक्का मात्र ठसठशीत मारून दिला. बिल्डरच्या ऑफिसात तिला कुणी बसवलंही नाही.

नवनाथला सांगायचं राहिलं होतं. तेच सगळ्यात अवघड होतं म्हणून राहिलं होतं. चिखलीतल्या वर्कशॉपमध्ये तो मशीनला ग्रीस मारत होता. ती सांगत असताना आधी तो हसला, मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे मात्र बदलले. पाणी मुरत होतं हे त्यानंच तर पाहिलं होतं. तो पाइपांच्या ढिगावर खाली बसला.

"मी लोकायला दाखवत हिंडलो मॅडम. आपलं बोअर, आपलं बोअर म्हणून."

"तू राहायला जाऊ नकोस, नवनाथ."

"मग कुठं जाऊ? खोली सोडली. मालकानं दुसऱ्याला दिली बी." त्यानं हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एजंट म्हणायलाय गिऱ्हाईक बघतो. मी विकतो मॅडम. तवर तुम्ही कुणाला बोलू नका. एवढं करा माझ्यासाठी. मी तुम्हाला कधी काही मागितलं न्हाई."

तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तशीच उठून आली. ज्या माणसानं खालून बघून घर घेतलं होतं तो आता न बघणारा कुणीतरी शोधत होता, आणि त्याचा राग तिला येईना. त्याच्या जागी मी काय केलं असतं, असं तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तर द्यायचं टाळलं.

पाडवा जवळ आला तेव्हा तिला एक फोन आला. बाईचा आवाज, मोकळा, थोडा लाजरा. "नमस्कार मॅडम, मी योगिनी बोलतेय. चिखलीला शाळेत शिकवते. आम्ही ओंजळ पार्कमध्ये बी बिल्डिंगमधला एक फ्लॅट बघतोय. रीसेलचा. ते नवनाथभाऊ काही बोलले नाहीत, पण एजंट म्हणाला जमिनीचा रिपोर्ट तुमचा आहे. मिस्टर म्हणाले एकदा विचारून घे. तुमची सही आहे म्हणजे काळजी नाही ना?"

निवेदिता फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होती. हो म्हटलं की नवनाथची आई, बायको, लेकरं सुटतात. नाही म्हटलं की ही बाई आणि तिची कुणी असतील ती सुटतात. एकाला बाहेर काढायचं तर दुसऱ्याला त्याच जागी बसवायला हवं होतं. आणि ज्याला वाचवावंसं वाटत होतं तो तिच्या ओळखीचा होता, हाच काय तो फरक.

"घेऊ नका," ती म्हणाली. "खाली खाण होती. माझा रिपोर्ट चुकलाय."

पलीकडे बाईंचा आवाज भरून आला. "मॅडम, देवासारख्या भेटलात हो."

हे शब्द निवेदिताला शिवीसारखे लागले. तिनं फोन ठेवला आणि गॅस बंद करायचं विसरून तशीच बसून राहिली.

नवनाथ भांडायला आला नाही. त्यानं भांडायला हवं होतं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "गिऱ्हाईक गेलं मॅडम. एजंट म्हणतो, दुसरं आणलं तरी ते बी तुम्हालाच फोन करंल." मग घसा साफ करून, "पाडव्याला पूजा हाय. आई म्हणती मॅडमला बोलवायचंच. आईला मी काही सांगितलं न्हाई. या."

ती गेली. न जाणं जास्त सोपं होतं, म्हणूनच गेली.

चौथ्या मजल्यावर दारात रांगोळी होती, गॅलरीत गुढी उभारलेली. आत सत्यनारायणाची पूजा आटोपली होती आणि शिऱ्याचा वास सगळ्या घरात भरला होता. नवनाथची आई मंजुळाबाई नव्या लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन, येईल त्या प्रत्येकाला घर दाखवत होत्या. जन्म पत्र्याखाली गेलेली बाई. तिनं निवेदिताचा हात धरला आणि सोडलाच नाही. नळ सोडून दाखवला. पंखा लावून दाखवला. गॅलरीतून लांबवर दिसणारी इंद्रायणी दाखवली.

"समदं तुमच्यामुळं बगा. पोरगं म्हणतंय, मॅडमनं सही केलेली जागा हाय."

नवनाथ मागे उभा होता. त्यानं निवेदिताच्या हातात शिऱ्याचा द्रोण दिला आणि मान खाली घातली.

मंजुळाबाई तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. "ही माझी खोली. माज्या एकटीची!" त्यांनी दार लावून दाखवायला ओढलं. दार अर्ध्यावर येऊन फरशीला घासलं आणि अडकलं. त्यांनी खांदा लावून ते रेटलं, पुन्हा अडकलं. खालच्या कडेला रंधा मारल्याची ताजी, पांढरी खूण दिसत होती.

"नव्या लाकडाचं आसंच आसतंय," मंजुळाबाई हसून म्हणाल्या. "फुगतंय. सुतार दोनदा येऊन गेला. आन् आमचंच न्हाई काही, खालच्या मजल्यापसून वरच्या मजल्यापर्यंत ह्या बाजूच्या समद्यांचीच दारं आडकायलीत. पलीकडच्या बाजूला मातर काहीच न्हाई. नशीब एकेकाचं."

निवेदितानं नवनाथकडे पाहिलं. एकाच बाजूची दारं, खालपासून वरपर्यंत. लाकूड असं बाजू निवडून फुगत नाही, बिल्डिंग एका अंगानं खाली बसते तेव्हा चौकटी अशा तिरक्या होतात. हे नवनाथला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचा हात आपोआप चौकटीकडे गेला आणि तिथंच राहिला.

"खा ना मॅडम," मंजुळाबाई म्हणाल्या, "गार व्हायलाय."

निवेदितानं शिऱ्याचा घास तोंडात घातला. बाहेरच्या खोलीत पोरं नव्या फरशीवर धावत होती, आणि त्यांची आई त्यांना ओरडून सांगत होती की हळू पळा, खालच्यांना त्रास होतो.